पाठातून ग्रंथालयात

बालभारती या नावाने ओळखले जाणारे महाराष्ट्राचे पाठ्यपुस्तक मंडळ २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाले. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही त्याच वर्षीचा. तरीही क्रमिक पुस्तक आणि ग्रंथालय यांचे संसार पुढे बरीच वर्षे वेगळेच राहिले. पाठ्यपुस्तक मुलांच्या दप्तरात पोचले, अवांतर वाचनाची पुस्तके मात्र अनेक शाळांत कुलूपबंद कपाटातच राहिली. हे अंतर कमी करण्याचा मोलाचा प्रयत्न बालभारतीनेच १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू करून केला.

संगणकयुगातील पहिल्या प्रयत्नांतही हेच अंतर दिसते. २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय भांडार खुले झाले, २०१५ मध्ये एनसीईआरटीचे ‘ई-पाठशाला’ हे संकेतस्थळ आले, आणि आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झाले. साठा प्रचंड झाला. पण पाचवीतल्या मुलाने त्यात नेमके काय आणि कोणत्या शब्दाने शोधायचे, हा प्रश्न उरलाच. शालेय ग्रंथालयाची खरी अडचण पुस्तकांच्या तुटवड्याइतकीच वाट न सापडण्याचीही असते.

ती वाट छापील पानावरच मिळाली. ‘दीक्षा’ हा डिजिटल शिक्षणाचा राष्ट्रीय मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला आणि बालभारतीच्या पुस्तकांत त्याच्याशी जोडलेले क्यूआर कोड छापले जाऊ लागले. पहिल्या पानावरच्या कोडने डिजिटल पुस्तक उघडते, पाठातल्या कोडने त्या पाठाचे दृक्-श्राव्य साहित्य. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांच्यासाठी कोडसोबत सहा अक्षर-अंकांचा संकेतही असतो. एकदा उतरवून घेतलेले साहित्य नेटवर्क नसलेल्या गावातही चालते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड आधीच जोडले होते. २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझने त्यांच्या या कामाची जगाला ओळख करून दिली.

या रचनेचा सर्वांत मोठा लाभ लवचीकतेचा आहे. छापलेला पाठ पुढच्या आवृत्तीपर्यंत बदलत नाही. कोडमागचे साहित्य मात्र मधल्या काळातही बदलता येते, वाढवता येते. मुक्त परवान्याखालील बरेचसे साहित्य शिक्षकाला आपल्या वर्गाच्या भाषेत आणि गरजेनुसार घडवता येते. अभ्यासक्रम राज्यभर एक असला तरी उदाहरणे गावाची असू शकतात. तंत्रापेक्षा ही मोकळीक अधिक मोलाची आहे, पण ती वापरायची तर शिक्षकाला निवडीसाठी वेळ मिळायला हवा.

‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंकही आता बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. पाठातल्या विषयावरची एखादी जुनी गोष्ट किंवा कविता शिक्षकाने त्यातून निवडली, की ती त्याच तासाला वर्गात वाचता येते.