अपत्य आणि सुख : सहसंबंध व कार्यकारणभाव

अपत्यामुळे माणसाचे सुख वाढते की घटते, हा प्रश्न समाजशास्त्रात नवा नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम याने १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्महत्येवरील ग्रंथात त्याची एक बाजू आकड्यांनी तपासली. फ्रान्समधील १८८९ ते १८९१ या काळात मुलेबाळे असलेल्या विवाहितांत आत्महत्येचे प्रमाण अपत्यहीनांपेक्षा कमी होते. अपत्यहीन विवाहित स्त्रियांत तर ते त्याच वयाच्या अविवाहित स्त्रियांपेक्षाही अधिक होते. त्यावरून मुलाबाळांचे कुटुंबच माणसाला सावरते, असा निष्कर्ष त्याने काढला. निकोप माणसेच विवाह करतात म्हणून हा भेद दिसतो, हा आक्षेप त्याने फेटाळला खरा. परंतु आजार, दारिद्र्य किंवा मुलांचा मृत्यू यांमुळेही घर अपत्यहीन राहते, आणि ही स्वतःच दुःखाची कारणे होत.

पुढे अमेरिकेत याच्या उलट चित्र पुढे आले. ई. ई. लेमास्टर्स याने १९५७ साली ४६ दांपत्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी ३८ दांपत्यांनी पहिल्या अपत्याचे आगमन हे मोठे संकट ठरल्याचे सांगितले. मात्र तुलनेसाठी अपत्यहीन दांपत्ये घेतलेली नव्हती. त्यामुळे अडचण अपत्यामुळे आली की विवाहाच्या त्या वर्षांत ती एरवीही आली असती, याचा निर्णय होऊ शकत नव्हता.

हा दोष दूर करण्याचे दोन मार्ग पुढे निघाले. कोलर, बेरमन व स्किटे यांनी २००५ साली डेन्मार्कमधील एकरूप जुळ्यांची तुलना केली. आनुवंशिकता व संगोपन समान असल्याने त्यांतून उद्भवणारा भेद वगळता आला. पहिल्या अपत्याने स्त्रियांचे सुख वाढलेले, पुढील अपत्यांबरोबर ते घटलेले दिसले. मिर्स्किला व मार्गोलिस यांनी २०१४ साली ब्रिटन व जर्मनीतील त्याच व्यक्तींचा अनेक वर्षांचा वृत्तांत पाहिला. पहिल्या जन्माच्या सुमारास समाधान वाढते व नंतर जवळजवळ पूर्वपदावर येते, असे त्यांना आढळले. ही वाढ जन्मापूर्वीच सुरू होत असल्याने तिचे सारे श्रेय अपत्याला देता येत नाही.

अपत्य कोणाला व्हावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविता येत नाही. म्हणून येथे निर्णायक प्रयोग अशक्य आहे. तरीही अशा सरासरीच्या आधारे दांपत्यांना उपदेश केला जातो. ज्यांनी अपत्य इच्छिले व ज्यांनी ते नाकारले, असे दोन भिन्न समूह त्या सरासरीत एकमेकांसमोर असतात. एखाद्या दांपत्याने दुसरा मार्ग धरला असता तर काय झाले असते, याचे उत्तर तीत नसते.