अंतर्गत लेखापरीक्षण आणि विद्यापीठीय प्रशासन : पेण-रोहे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मार्च महिना जवळ आला की महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रमाणकांची जुळवाजुळव सुरू होते. आगाऊ रकमांचा हिशेब न दिलेल्या प्राध्यापकांना स्मरणपत्रे जातात, जडसंग्रह नोंदवहीत राहून गेलेल्या सह्या घेतल्या जातात आणि लेखापरीक्षक येऊन गेले की वर्षाचा विषय संपला, असे मानले जाते. लेखापरीक्षण म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाने घेतलेली वार्षिक परीक्षा, ही समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. अंतर्गत लेखापरीक्षणाचे स्वरूप मात्र निराळे आहे. बाह्य लेखापरीक्षक वर्ष सरल्यावर ताळेबंद खरा आहे की नाही ते पाहतो. अंतर्गत लेखापरीक्षक व्यवहार चालू असतानाच त्यामागची पद्धत तपासतो आणि चूक दुरुस्त होण्याजोगी असताना ती दाखवून देतो.

हा विचार परका नाही. न्यूयॉर्क येथे अंतर्गत लेखापरीक्षकांची संस्था १९४१ मध्ये स्थापन झाली आणि या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले, हे खरे. परंतु कारभाराच्या आतच तपासणीची योजना करण्याची रीत महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. प्रस्तुत लेखात त्या रीतीचा मागोवा घेऊन पेण व रोहे या शेजारच्या तालुक्यांशी निगडित दोन संदर्भांच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे : हिशेब तपासणारा कोणाला उत्तरदायी असतो?

१. गडावरील कारभार आणि दरखदार

पेणजवळचा सांक्षी, रोह्याजवळचा अवचितगड अशा किल्ल्यांचा हा प्रदेश आहे. शिवकाळात गडाचा कारभार एकाच अधिकाऱ्याच्या हाती नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे अधिकारी एकमेकांच्या विचाराने काम पाहत. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी व जमाखर्च, तर धान्य व सामानाच्या साठ्याचा हिशेब कारखानिसाकडे असे. ज्याच्या ताब्यात वस्तू, त्याच्याच हाती नोंद नाही, हे या रचनेचे सूत्र होते. आजचे लेखाशास्त्र ज्याला अंतर्गत नियंत्रण म्हणते, त्याचा पाया हाच आहे.

पेशवाईत ही पद्धत मुलकी कारभारात अधिक विस्तारली. मामलतदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे दरखदार असत. यांपैकी प्रत्येकाचे काम ठरलेले असे आणि एकाच्या कामाची दुसऱ्याकडून आपोआप तपासणी होई. या व्यवस्थेतील महत्त्वाची तरतूद मात्र नेमणुकीची होती. दरखदार मामलतदाराच्या हाताखाली काम करीत, पण त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. कचेरी त्याची असली तरी दरखदार सरकारचा होता.

या व्यवस्थेचा ऱ्हासही तितकाच बोधप्रद आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. जो अधिक रक्कम कबूल करील त्याला अधिकार मिळू लागला. सरकारला ठरलेल्या रकमेशीच कर्तव्य उरल्यावर ती कशी वसूल झाली, हे विचारण्याचे कारण राहिले नाही. पदे, वह्या, दफ्तरे होती तशीच होती. परंतु दरखदाराचे म्हणणे ऐकून घेणारे वर कोणी उरले नव्हते.

२. रोहे : चिंतामणराव देशमुख आणि अनुदानाची व्यवस्था

या प्रश्नाचे आधुनिक रूप समजून घेताना रोह्याकडे वळावे लागते. डॉ. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडनजीक नाते येथे झाला. त्यांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्याला वकिली करीत. चिंतामणराव १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत, पेण-रोहे ज्यात मोडत होते त्या तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर १९६१ पर्यंत त्यांनी भूषविलेले विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद मात्र तितके चर्चिले जात नाही.

आयोगाला वैधानिक दर्जा देणारा अधिनियम १९५६ चाच आहे. त्यातील रचना लक्षात घेण्याजोगी आहे. शासनाने विद्यापीठांना थेट पैसा देऊन त्यासोबत हुकूमही द्यावेत, असा मार्ग त्यात स्वीकारलेला नाही. पैसा आयोगामार्फत जावा, आयोगाने विद्यापीठाच्या आर्थिक गरजा तपासाव्यात आणि खुद्द आयोगाचे लेखे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तपासावेत, अशी ही योजना आहे. देणाऱ्यालाही हिशेब चुकलेला नाही. पुढे १९६२ ते १९६७ या काळात देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. अनुदान देणारा आणि ते खर्च करणारा, या दोन्ही बाजूंचा अनुभव त्यांच्या वाट्याला आला.

विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा अर्थ या रचनेतून स्पष्ट होतो. जी संस्था स्वतःचे घर स्वतः तपासते, तिच्या दारात बाहेरचा तपासनीस वारंवार उभा राहण्याचे कारण उरत नाही. अंतर्गत लेखापरीक्षण स्वायत्ततेच्या आड येत नाही. ते तिचे मोल आहे.

३. पेण : तपासणी असून घडलेले अघटित

रोह्याच्या या सुपुत्राने ज्या रिझर्व्ह बँकेचे नेतृत्व केले, त्याच बँकेला सप्टेंबर २०१० मध्ये शेजारच्या पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घालावे लागले. पाचशे कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या गैरव्यवहाराचे आरोप पुढे आले, लाखाहून अधिक ठेवीदारांचा पैसा अडकला आणि २०१४ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. त्या काळी ठेव विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. निवृत्तीची पुंजी किंवा मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम त्याहून मोठी असेल, तर उरलेला पैसा कधी मिळणार हे सांगणारे कोणी नव्हते. ठेवीदारांना वर्षानुवर्षे मोर्चे आणि न्यायालयाचा मार्ग धरावा लागला.

येथे तपासणी नव्हती, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वार्षिक लेखापरीक्षण बंधनकारक होते आणि रिझर्व्ह बँकेची देखरेखही होती. तरीही जे घडत होते ते ठेवीदारांपर्यंत वेळेत पोहोचले नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील दफ्तरांप्रमाणेच येथेही वह्या भरलेल्या होत्या आणि त्यांतील प्रश्न अनुत्तरित होता.

नंतर झालेली सुधारणा नेमकी याच ठिकाणी आहे. बँकिंग विनियमन अधिनियमात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर सहकारी बँकांना वैधानिक लेखापरीक्षकाच्या नेमणुकीसाठी रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती आवश्यक झाली. तपासणाऱ्याची नेमणूक केवळ ज्याची तपासणी व्हायची त्याच्या हाती असू नये, हा दरखदारी पद्धतीतील विचार कायद्याने पुन्हा स्वीकारला.

४. विद्यापीठ व संलग्न महाविद्यालये

विद्यापीठ म्हणजे बँक नव्हे. परंतु ठेवीदाराच्या जागी येथे विद्यार्थी असतो. पेण व रोहे येथील कला व वाणिज्य शाखांची महाविद्यालये १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यार्थ्यांनी भरलेले शुल्क, शासनाचे वेतन अनुदान, शिष्यवृत्त्या, परीक्षेसाठीच्या आगाऊ रकमा, राष्ट्रीय सेवा योजनेचा शिबिरनिधी आणि संशोधन प्रकल्पांची अनुदाने अशा अनेक वाटांनी येथे पैसा येतो. यांतील बराचसा पैसा लेखाशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या प्राध्यापकांच्या हातून खर्च होतो. शिबिर डिसेंबरात झाले आणि हिशेब मार्चमध्ये विचारला, तर हरवलेल्या पावतीबद्दल प्रामाणिक माणसालाही उत्तर देता येत नाही. हाच प्रश्न जानेवारीत विचारला गेला असता, तर ती पावती मिळाली असती. अंतर्गत लेखापरीक्षण प्रामाणिक माणसाचे प्रथम रक्षण करते, ते असे.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या निकषांत अंतर्गत व बाह्य आर्थिक लेखापरीक्षणाचा अंतर्भाव झाल्यापासून महाविद्यालयांत त्याविषयी जागरूकता आली. मात्र अनेकदा ती प्रमाणपत्र जोडण्यापुरती मर्यादित राहते. दुसरी अडचण रचनेतील आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार, आणि त्यापूर्वीच्या १९९४ च्या अधिनियमानुसारही, वित्त व लेखा समितीचे अध्यक्षपद कुलगुरूंकडे आहे. महाविद्यालयात अंतर्गत तपासनीस प्राचार्यांच्या पत्राने नेमला जातो आणि त्याचा अहवाल प्राचार्यांकडेच येतो. कोणाही व्यक्तीच्या सचोटीविषयी शंका न घेता म्हणावे लागते की, ही मामलतदाराने दरखदार नेमण्याची रीत आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, अंतर्गत लेखापरीक्षकाची नेमणूक खर्च मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने न करता त्याच्या वरच्या मंडळाने करावी : महाविद्यालयात संस्थेच्या नियामक मंडळाने, विद्यापीठात व्यवस्थापन परिषदेने. दुसरी, तपासणी वर्षातून एकदा न होता दर तिमाहीला व्हावी. तिसरी, आक्षेप आणि त्यांचे अनुपालन हे दोन्ही एकत्रितपणे महाविद्यालय विकास समितीसमोर व विद्यापीठात अधिसभेसमोर यावेत. अनुत्तरित आक्षेप पुढील वर्षाच्या अहवालात पहिल्या पानावर असावा.

यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. मात्र आपल्याला प्रश्न विचारणारा माणूस आपल्या मर्जीतला नसावा, हे मान्य करावे लागते. गडाच्या किल्ल्या एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे देणाऱ्यांनी ते मान्य केले होते. पेणच्या ठेवीदारांना त्याचे महत्त्व फार मोठी किंमत देऊन कळले. आपल्या विद्यार्थ्यांवर ती वेळ येऊ नये, यासाठी हा विषय लेखाविभागापुरता न राहता प्राध्यापकवर्गाच्या चर्चेत यावा, एवढीच अपेक्षा.