भेंडीवरील केवडा : एका रोगनामाची साधनचिकित्सा

मुंबई इलाख्यांतील पिकांच्या रोगांचा इतिहास लिहूं गेल्यास पहिली अडचण रोगांच्या नांवांची येते. ‘केवडा’ हेंच नांव पहा. पान हिरवें न राहतां केवड्याच्या पातीसारखें पिवळें-पांढरें पडलें, कीं शेतकरी त्यास केवडा म्हणतो. बाजरीवरील केवडा बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवापासून होतो. उसावरील केवडा बहुधा पिकास लोह न मिळाल्यामुळें पडतो. भेंडीवरील केवडा या दोहोंहून निराळा, विषाणूपासून होणारा रोग आहे. तेव्हां जुन्या कागदांत केवड्याचा उल्लेख सांपडला, तरी त्यावरून रोगाचें बाह्य रूप तेवढें कळतें, कारण कळत नाहीं. भेंडीपुरतें हें कारण कोणत्या पुराव्यानें निश्चित होत गेलें आणि त्या पुराव्याची मर्यादा कोठवर आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

या रोगांत भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडून त्यांचें जाळें दिसूं लागतें, पुढें सबंध पान पिवळें होतें, व फळें लहान, फिकट आणि राठ येतात. मुंबई इलाख्यांतील या रोगाची नोंद कुलकर्णी यांनीं १९२४ सालीं केली. उप्पल, वर्मा व कपूर यांनीं १९४० सालीं तो विषाणुजन्य असल्याचें प्रतिपादून त्यास पीतशिरा-मोझेइक या अर्थाचें इंग्रजी नांव दिलें. पुढें कपूर व वर्मा यांचा १९५० चा आणि वर्मा यांचा १९५२ चा असे लेख प्रसिद्ध झाले. रोगट पानांचा रस निरोगी पानांवर चोळल्यानें हा रोग लागत नाहीं, कलमानें मात्र लागतो, आणि शेतांत त्याचा प्रसार पांढरी माशी करते, असें या संशोधनांतून ठरलें. हा पुरावा रोगाच्या वर्तनाचा होता. विषाणूच्या घडणीविषयीं त्यावरून कांहीं सांगतां येत नव्हतें. तरीहि त्यावरून काढलेला निष्कर्ष पुढें अबाधित राहिला, हें त्या संशोधकांच्या सावधपणाचें फळ होय.

विषाणूची घडण कळण्यास त्याचा जनुकसंच वाचावा लागतो. जनुकसंच म्हणजे चार प्रकारच्या घटकांची ठराविक क्रमानें गुंफलेली माळ. हा क्रम अक्षरशः वाचण्याच्या सोयीच्या रीती १९७७ च्या सुमारास निघाल्या. भेंडीच्या बाबतींत पहिलें विघ्न तिच्या बुळबुळीत द्रवाचेंच होतें. त्यांतून विषाणूचें डीएनए काढण्याची रीत मदुराई कामराज विद्यापीठांतील जोस व उषा यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केली. त्यांच्या २००३ च्या निबंधांत रोगाचा उलगडा झाला. विषाणूचा जनुकसंच सुमारें २,७०० घटकांचें एक वर्तुळ असून त्याच्या सोबतीस सुमारें १,३५० घटकांचें दुसरें लहान वर्तुळ आढळलें. यास उपग्रह-डीएनए म्हणतात. पहिलें वर्तुळ एकटेंच झाडांत घातलें, तेव्हां पानें किंचित् वळलीं इतकेंच. दोन्हीं मिळून घातलीं, तेव्हां शेतांत दिसतो तोच केवडा उमटला. म्हणजे केवळ वाचनावर न विसंबतां वाचलेल्या मजकुराची साक्ष प्रयोगानेंहि पटविली गेली.

परंतु प्रकरण येथेंच संपलें नाहीं. वेंकटरवणप्पा व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं भेंडीवर याच कुलांतील एक निराळा विषाणु वर्णिला. त्याचा जनुकसंच दोन मोठ्या वर्तुळांत विभागलेला असून त्याच्या नांवांत दिल्लीचा निर्देश आहे. या कुलांतील दोन विषाणूंचे क्रम ९१ टक्क्यांहून कमी जुळल्यास जाति भिन्न मानावी, असा संकेत २०१५ सालीं ठरला. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून त्यांच्या शाखा ठरवितात, त्याच जातीचें हें काम आहे. दोन प्रतींवरून मिश्र प्रत तयार व्हावी, तसे दोन विषाणूंचे तुकडे जुळून तिसरा उत्पन्न झाल्याचीं उदाहरणेंहि या कुलांत पुष्कळ आहेत. यावरून एकच लक्षण व एकच नांव यांखालीं अनेक विषाणु वावरत असल्याचें सिद्ध होतें.

हा केवळ नामकरणाचा वाद नव्हे. लागण जितकी लवकर, तितकें पिकाचें नुकसान अधिक. कोवळ्या वयांत रोग आल्यास बहुतेक सर्व उत्पन्न बुडतें. म्हणून रोगास दाद न देणाऱ्या वाणाचा शोध दीर्घकाळ चालला आहे. दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेची पुसा सावनी १९६० च्या सुमारास पुढें आली. ती रोगास बळी पडूं लागल्यावर आबेल्मोस्कस मॅनिहॉट या भेंडीच्या सगोत्र वनस्पतीशीं तिचा संकर करून परभणीच्या कृषि विद्यापीठांत जांभळे व नेरकर यांनीं परभणी क्रांति हा वाण सिद्ध केला. त्याचें वर्णन १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. कालांतरानें अनेक ठिकाणीं त्यावरहि रोग दिसूं लागला. याचें एकच कारण सांगणें धाडसाचें होईल. तथापि अमुक वाण केवड्यास दाद देत नाहीं हें विधान, कोणत्या विषाणूस व कोणत्या प्रांतांत, असें विचारल्यावांचून पुरें होत नाहीं, एवढें निश्चित.

इतिहासलेखकासहि यांतून एक इशारा मिळतो. २००३ सालीं वाचलेला विषाणूच १९२४ सालच्या झाडांत होता, असें गृहीत धरणें म्हणजे उत्तरकालीन बखरीवरून समकालीन घटना ठरविण्यासारखें आहे. त्या काळचें झाड हातीं आल्याशिवाय तसें म्हणतां येणार नाहीं. असें झाड मिळणें मात्र अशक्य नाहीं. ज्यापासून साबुदाणा करतात त्या कसाव्याचा, मध्य आफ्रिकेंत १९२८ सालीं गोळा केलेला एक वाळका नमुना जपून ठेवलेला होता. त्यांतून मोझेइक विषाणूचा जनुकसंच जुळवून तो २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां आपल्याकडील जुन्या वनस्पतिसंग्रहांत स्थळ व तिथि नोंदलेलें भेंडीचें पिवळ्या शिरांचें एखादें पान कोणास आढळल्यास, किडकें-रोगट म्हणून तें टाकून देऊं नये. त्या पानाची योग्यता अस्सल समकालीन पत्राइतकीच आहे.