किमयागारांची पुस्तके आणि घासलेटाचा पैसा

मी कला शाखेचा पदवीधर, दिवसभर सरकारी फायलींत बुडालेला. माझा रसायनशास्त्राशी काय संबंध, असे कुणीही विचारील. पण जुन्या कागदांची नोंद ठेवणे हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून ग्लासगोच्या दोन माणसांविषयी मला भारी आपुलकी वाटते.

पहिला जेम्स यंग (१८११-१८८३). सुताराचा मुलगा. बापाच्या हाताखाली काम करून तो थॉमस ग्रॅहॅम यांच्या रात्रवर्गाला जाई. १८५० साली त्याने दगडी कोळशापासून तेल काढण्याचे पेटंट घेतले. आपल्या घासलेटाचेच हे भावंड. लोक त्याला 'पॅराफिन यंग' म्हणू लागले. त्या पैशातून त्याने किमया, रसायन आणि औषधिविद्येवरची दुर्मीळ पुस्तके जमवली.

दुसरे जॉन फर्ग्युसन, १८७४ ते १९१५ ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. यंगच्या संग्रहाची त्यांनी केलेली सूची, 'बिब्लिओथेका केमिका', १९०६ साली दोन जाडजूड खंडांत निघाली. ती नुसती नावांची यादी नव्हे. लेखक कोण, कुठला, त्याच्या आवृत्त्या किती, त्याच्याविषयी कुणी काय लिहिले, सगळे त्यात आहे. स्वतः फर्ग्युसनही मोठे संग्राहक. त्यांचे सुमारे साडेसात हजार ग्रंथ १९२१ साली विद्यापीठाने घेतले.

लोखंडाचे सोने करण्याच्या या थापा जमवून काय मिळाले? बाझील व्हॅलेंटाइनचेच पहा. हा म्हणे पंधराव्या शतकातला साधू. पण त्याच्या नावाची पुस्तके छापून येऊ लागली ती १५९९ पासून, योहान थ्योल्डे याच्या हातून. त्याआधी त्यांचा मागमूस नाही. म्हणजे साधू बहुधा काल्पनिकच! अशी लबाडी उघडी पडते ती आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर. आणि गंमत अशी, की त्याच पुस्तकांत अँटिमनी या धातूविषयी खरी, हाताने करून पाहिलेली माहितीही आहे. थापा म्हणून पुस्तके जाळली असती तर तीही गेली असती.

आपल्याकडे हेच काम आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी केले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तेलो यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी रसशास्त्राची हस्तलिखिते मिळवून वाचली आणि हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास १९०२ व १९०९ साली दोन भागांत लिहिला. 'रसरत्नसमुच्चय' हा ग्रंथ तर पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० सालीच छापला होता. पाऱ्याने अमर होण्याच्या गोष्टींबरोबरच त्यात जस्त काढण्याची रीत दिली आहे. खनिज मुशीत घालून तापवायचे आणि वाफ थंड करून धातू धरायचा. अमरत्वाचे राहू द्या, जस्ताची रीत मात्र खरी!

गोव्यातही जुन्या वैद्य घराण्यांच्या माळ्यांवर पोथ्या असतात. घर पाडताना त्या रद्दीत जातात, नाहीतर वाळवी खाते. मंडळी, पोथी कळत नसली तरी टाकू नका. निदान शेवटचे पान पहा. लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि शक बहुधा तिथेच असतो. तेवढे एका वहीत उतरवून ठेवले तरी सूचीची सुरुवात झाली.