उंबऱ्यापर्यंतची तार

१८८५च्या तार कायद्यातली एक तरतूद मला फार शहाणी वाटते. खासगी जमिनीतून तार न्यायची सरकारला मुभा होती. पण हक्क वापरापुरता, मालकीचा नव्हे. नुकसान कमीत कमी करायचं, झालेलं पूर्ण भरून द्यायचं. तारेमागून टेलिफोन आला, मग फायबर. २०१६चे मार्गहक्काचे नियमही याच कायद्याखाली झाले.

आता आपल्या शुक्रवार पेठेतला एखादा बोळ बघा. खाली पाण्याचे, ड्रेनेजचे पाइप. वर विजेच्या तारा. काचेचा तंतू केसासारखा बारीक, फार वाकवला तर प्रकाश बाहेर निसटतो. त्यावर तंत्रज्ञांनी उपाय काढलेत. पण मागच्यानं खणलेला चर तसाच राहिला, तर पुढच्याला कोण उंबरा ओलांडू देईल? भरपाई कायद्यात लिहिता येते. विश्वास मात्र चर बुजवूनच मिळतो.