ट्रॅव्हल ट्रेलरचा टायर एकाच बाजूने का झिजतो? फोन आणि टेप घेऊन असं शोधा

मी टेक्सासमध्ये राहतो आणि पिकअपमागे २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर ओढतो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली समजा. झोपायला बेड, छोटं किचन, पाण्याची टाकी सगळं आत. दोन वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन बिग बेंडला निघालो होतो. वाटेत डिझेल भरायला थांबलो आणि सहज मागच्या टायरच्या आतल्या बाजूला हात घातला, तर बोटांना तारा लागल्या. बाहेरून बघाल तर टायर नवा वाटावा, आतून पूर्ण गोटा! आणि ते टायर घेऊन जेमतेम ४००० मैल झाले होते. आधीचा सेटही असाच गेला होता. तेव्हा दुकानदाराने फक्त नवे टायर बसवले, "असं का झालं?" हे ना त्याने विचारलं ना मी.

ट्रेलरचा टायर हायवेवर फुटला की तो नुसता बसत नाही. सुटलेले रबराचे पट्टे चाकावरचा पत्रा, खालची फरशी, कधी पाण्याचे पाइप आणि वायरिंगही फाडतात. म्हणून झीज वाचता आली पाहिजे.

आधी फोटो आणि आकडे

ट्रेलरखाली डोकं घालू नका. फोनचा टॉर्च चालू करा, व्हिडिओ लावा आणि फोन चाकामागे धरून आतली कड शूट करा. मग ट्रेड डेप्थ गेजने प्रत्येक टायरची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून नोट्समध्ये लिहा. अमेरिकेत ही खोली इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात. बहुतेक राज्यांत २/३२ ही शेवटची मर्यादा, म्हणजे भारतातले आपले १.६ मिमीच. टायरवरच्या डॉट कोडचाही फोटो काढा. शेवटचे चार आकडे ३५१९ असतील तर टायर २०१९ च्या ३५ व्या आठवड्यातला.

आता आकडे काय सांगतात ते बघू. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा वजन जास्त, फक्त मधला भाग झिजला तर हवा जास्त. रबरावरून हात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर 'टो' बिघडलाय, म्हणजे चाक सरळ पुढे न बघता थोडं आत किंवा बाहेर बघतंय. जागोजागी खड्डे पडले असतील तर बॅलन्सिंग किंवा ढिलं बेअरिंग तपासा.

फक्त आतली कड गेली असेल तर चाकाचा वरचा भाग आत झुकलाय. इथे चारही चाकांची तुलना करा. एकच चाक तसं असेल तर बहुतेक कुठेतरी कर्बला आपटून त्या टोकाचा स्पिंडल वाकला. एकाच एक्सलची दोन्ही चाकं तशी असतील तर एक्सलच बसलाय. ट्रेलरचा एक्सल मुद्दाम मध्ये किंचित वर उचललेला बनवतात, वजन आलं की तो सरळ होतो. वजन त्याहून जास्त झालं की मधला भाग खाली जातो आणि चाकं वरून आत झुकतात. एक्सलच्या नळीलाच जॅक लावला तरी ती वाकू शकते, म्हणून जॅक कायम फ्रेमला लावा.

(दोन एक्सलचा ट्रेलर तीव्र वळणावर टायर थोडे घासतोच. तेवढी झीज कुठलंच अलाइनमेंट थांबवू शकत नाही.)

फोनचा लेव्हल इथे कमी पडतो

मीही आधी चाकाला फोन टेकवून कोन बघितला होता. पण आयफोनचा लेव्हल पूर्ण अंशच दाखवतो, आणि १५ इंची रिमवर १ अंश म्हणजे वर-खाली जवळपास ६.५ मिमीचा फरक. टायर खायला याहून कमी पुरतो. त्यामुळे टेपच बरी.

सपाट जागेवर ट्रेलर २०-३० फूट सरळ पुढे ओढून थांबवा. रिव्हर्स घेऊन थांबलात तर चाकं ताणलेली राहतात आणि माप चुकतं. पुढे हिचच्या बॉलच्या मध्यापासून पुढच्या एक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत अंतर मोजा. फरक १/८ इंच, म्हणजे साधारण ३ मिमीच्या आत हवा. मग दोन एक्सलमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, तिथे १/१६ इंचाच्या आत. जास्त आलं तर आधी कमानीचे पाटे, शॅकल आणि बुश बघा. बऱ्याच ट्रेलरमध्ये प्लॅस्टिकचे बुश असतात, ते झिजले की एक्सल मागे-पुढे सरकतो.

माझी ही मापं बरोबर आली. पण मागच्या एक्सलची दोन्ही चाकं आतून गेलेली. मग फ्रेमची जमिनीपासूनची उंची मोजली, तर पुढून मागच्यापेक्षा ३ इंच जास्त! हिच उंच असल्यामुळे ट्रेलर नाक वर करून चालत होता आणि वजन मागच्या एक्सलवर जात होतं. त्यात टाकी भरलेली. ४० गॅलन पाणी म्हणजेच ३३० पाउंडांच्या वर. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन केलं (त्यांचं ॲपही आहे), तर दोन्ही एक्सल मिळून ७००० च्या मर्यादेत ६९२० पाउंड. कागदावर पास, पण मागच्या एक्सलच्या वाट्याला निम्म्याहून जास्त.

ट्रेलरच्या एक्सलला कारसारखे फिरवायचे बोल्ट सहसा नसतात. एक्सलचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो हायड्रॉलिक जॅकने थंडच वाकवून परत मापात आणतात, नाहीतर बदलतात. माझा वाकवून बसला. जास्त खाली जाणारा बॉल माउंट घेऊन हिचही खाली आणला. आता दर २००० मैलांनी तीन आकडे घेतो, आतला आणि बाहेरचा अजून सारखे आहेत. चाक काढून लावलं असेल तर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून नट टॉर्क रेंचने परत आवळा. माझ्या फोनमध्ये त्याचे रिमाइंडर लावलेले असतात.