बंगालचा पट्टेरी डास

कोलकात्यात चौरंगीवरच्या इंडियन म्युझियमला लोक अजूनही ‘जादूघर’ म्हणतात. या संस्थेच्या ‘इंडियन म्युझियम नोट्स’मध्ये १८९४-९५च्या सुमारास एका डासाचं वर्णन छापून आलं. डास कलकत्त्याचा, वर्णन लिहिणारे फ्रेडरिक स्क्यूज सिडनीचे. काळं अंग, त्यावर पांढरे पट्टे. मथळ्यात त्याला ‘बंगालचा पट्टेरी डास’ म्हटलं होतं; लॅटिन नाव अल्बोपिक्टस, म्हणजे पांढऱ्या रंगाने रंगवलेला. आज युरोपात त्याला ‘एशियन टायगर’ म्हणतात. पट्ट्यांचा वाघ झाला आणि बंगालचा आशिया.

नावं अशी सरकतातच. मी इथे आले तेव्हा ‘डास चावला’ म्हटल्यावर शेजारच्या मावशी चमकल्या होत्या. बंगालीत आपल्या डासाला ‘मशा’ म्हणतात. ‘डाँश’ म्हणजे गुरांना चावणारी मोठी माशी.

चिकुनगुन्या हा शब्द तर आणखी दुरून आला. १९५२-५३मध्ये टांगानिकातल्या माकोंडे पठारावर तापाची साथ आली. सांधेदुखीने माणूस वाकून जातो, म्हणून माकोंडे भाषेतलं हे नाव. भारतात हा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो १९६३मध्ये, कलकत्त्यातच. त्या वर्षी शहरात डेंग्यूही होता आणि रक्तस्रावाचे रुग्णही दिसत होते. कुठला ताप कशाचा, हे सोडवणं सोपं नव्हतं. १९७३मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ आली. त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार भारतात जवळजवळ विसरला गेला. २००५-०६मध्ये तो परतला तेव्हा नाव तेच होतं, पण विषाणू त्याच घराण्यातला नव्हता. कलकत्त्यातला जुना विषाणू आशियाई शाखेचा होता, हा नवा आफ्रिकी शाखेचा.

इकडे डासही प्रवासाला निघाला होता, आणि तोही जुन्या टायरांतून. टायरमध्ये पावसाचं पाणी साचतं, आतल्या भिंतीला अंडी चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. १९७९मध्ये हा डास अल्बानियात सापडला, १९८५मध्ये ह्यूस्टनला, १९९०मध्ये जेनोआला. पण थंडीचं काय? इथे एक मौज आहे. जपानसारख्या थंड प्रदेशातल्या डासिणी दिवस लहान होऊ लागले की अशी अंडी घालतात, जी वसंतापर्यंत फुटतच नाहीत. उष्ण प्रदेशातल्या डासांमध्ये ही युक्ती नसते. अमेरिकेत पसरले ते बहुधा त्या उत्तरेकडच्या डासांचे वंशज. म्हणजे नाव कलकत्त्याच्या डासावरून पडलं, पण हिवाळा काढला तो दुसऱ्यानेच.

अंडी टिकली म्हणून साथ येत नाही. डासाच्या पोटात विषाणू वाढायला ऊब लागते, आणि विषाणू आणणारं माणूस लागतं. २००७च्या उन्हाळ्यात इटलीतल्या कास्तिल्योने दि चेर्विया या गावात दोन्ही जुळून आलं. केरळहून एक पाहुणा नातेवाइकांकडे आला, त्याला ताप आला. त्याच्या अंगातल्या विषाणूत एक बारीक बदल झालेला होता आणि त्यामुळे तो नेमका या पट्टेरी डासात चांगला वाढत असे. कलकत्त्याच्या आणि बार्शीच्या साथींत मुख्य वाहक होता एडिस इजिप्ती; त्याला युरोपातला हिवाळा सहसा मानवत नाही. पट्टेरी डास मात्र कुंड्यांखालच्या बशांतही सुखाने राहतो. त्या गावात आणि आसपास दोनशेच्या वर लोक आजारी पडले, एक वृद्ध दगावला. सप्टेंबरअखेर साथ थांबली.

आजार ओळखू येईपर्यंत गावकऱ्यांनी आधी नदीच्या प्रदूषणाला दोष दिला, सरकारला दिला, आणि सगळ्यात जास्त दिला तो आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांना. डास मात्र तोवर सतरा वर्षं इटलीत राहत होता. तिकडे त्याला ‘झांझारा तिग्रे’ म्हणतात.